कॉलेजच्या वृत्तपत्रातली उमेदवारी

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या वृत्तपत्रातली माणसे दर तीन वर्षांनी बदलतात आणि त्या वृत्तपत्राचे बहुतेक गुणदोष याच एका गोष्टीतून निघतात. मोठ्या दैनिकात एखादा मुख्य उपसंपादक वीस-पंचवीस वर्षे एकाच खुर्चीवर बसलेला असतो. कोणत्या नगरसेवकाचे आडनाव कसे लिहायचे इथपासून कोणती बातमी याआधी कधी छापून आली होती इथपर्यंत सगळे त्याच्या डोक्यात असते. कॉलेजात असे कोणी नसते. पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी बातमी लिहायला शिकतो, दुसऱ्या वर्षी पान लावायला शिकतो आणि तिसऱ्या वर्षी जरा हात बसतो न बसतो तोच परीक्षा आणि नोकरी यांच्या मागे लागून निघून जातो. त्यामुळे नव्या माणसांना आत घेणे, त्यांना तयार करणे आणि जाणाऱ्यांकडून काम नीट ताब्यात घेणे हाच अशा वृत्तपत्राचा खरा कारभार ठरतो. अंक काढणे त्यामानाने सोपे.

आपल्याकडे कॉलेजात निघणाऱ्या लेखनाचे नेहमीचे प्रकार तीन. पहिला वार्षिक नियतकालिकाचा. प्राचार्यांचे मनोगत, स्नेहसंमेलनाचे फोटो, विभागांचे अहवाल आणि मागे कविता अशी त्याची ठरलेली मांडणी असते. यात दाखल होणे म्हणजे सूचना फलकावर लागलेल्या तारखेच्या आत मराठीच्या प्राध्यापकांकडे लेख देणे. दुसरा प्रकार भित्तीपत्रकाचा. ग्रंथालयाबाहेरच्या काचेच्या पेटीत हाताने लिहिलेले कागद लावायचे, आठवडा-पंधरवड्याने बदलायचे. खर्च जवळजवळ शून्य, आणि मोजक्या जागेत मजकूर बसवण्याची जी सवय भित्तीपत्रकाने लागते ती दुसरीकडे सहसा लागत नाही. तिसरे पत्रकारिता विभागांचे प्रायोगिक वृत्तपत्र. ते अभ्यासक्रमाचा भाग असते, त्याला गुण असतात आणि म्हणून त्यात सगळ्यांनाच भाग घ्यावा लागतो. यापलीकडचा चौथा प्रकार आपल्याकडे विरळा आहे: ठरावीक दिवशी निघणारे, संस्थेतल्या घडामोडींच्या बातम्या देणारे आणि काय छापायचे ते विद्यार्थ्यांनीच ठरवायचे असे वृत्तपत्र. पुढचे विवेचन मुख्यतः या चौथ्या प्रकाराविषयी आहे. त्यातले बरेचसे तिसऱ्यालाही लागू पडते.

मराठीत याची सुरुवात जुनी आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली विद्यार्थ्यांची आणि तरुण शिक्षकांची 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि अध्यक्ष दादोबा पांडुरंग. या सभेने १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक चालवले, ते १८६७ पर्यंत निघत राहिले. ते वृत्तपत्र नव्हते. त्याचा भर शास्त्र, इतिहास, भूगोल अशा विषयांवर होता. पण विद्यार्थ्यांमधून उभ्या राहिलेल्या मंडळाने सतरा वर्षे छापील नियतकालिक टिकवणे ही आजच्या मोजमापानेही मोठी गोष्ट आहे. ते टिकले याचे एक कारण त्यामागे सभा होती हे दिसते. सभा कायम असली की एक लेखक गेला तरी दुसरा येतो. एकट्या उत्साही संपादकाच्या जिवावर निघालेले कॉलेजचे अंक बहुधा त्या संपादकाच्या शेवटच्या परीक्षेबरोबर संपतात.

अमेरिकेत हा प्रकार दैनिकापर्यंत गेला. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचा 'क्रिमझन' १८७३ मध्ये 'मॅजेंटा' या नावाने निघाला आणि दोन वर्षांनी त्याने आजचे नाव घेतले. 'येल डेली न्यूज' १८७८ पासून निघते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट विद्यार्थी असताना 'क्रिमझन'चे प्रमुख होते. तिथे दाखल होण्याची पद्धत मराठी माणसाला लगेच कळण्यासारखी आहे, कारण ती आपली उमेदवारीच आहे. इच्छुकाने साधारण एक सत्रभर काम करायचे, ठरलेल्या संख्येने बातम्या आणायच्या, वरच्या वर्गातल्यांकडून त्या तपासून घ्यायच्या आणि शेवटी मंडळात घेतले जायचे. एका बैठकीतल्या मुलाखतीपेक्षा ही चाळणी बरी. मुलाखतीत बोलका मुलगा पुढे जातो. उमेदवारीत मात्र रात्री नऊ वाजता 'पान अडलंय, ये' म्हटल्यावर कोण येते ते कळते.

भारतात पत्रकारितेच्या शिक्षणाबरोबर प्रायोगिक अंक आले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकाच्या पुढाकाराने पत्रकारिता विभाग सुरू झाला, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत १९६४ पासून विद्यापीठाचा विभाग चालला. स्वतंत्रपणे चालणारी विद्यार्थी माध्यमे मात्र अलीकडची, आणि बहुतेक इंग्रजी: पवईच्या आयआयटीतले 'इनसाइट', खरगपूरचे 'द स्कॉलर्स अव्हेन्यू', दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेले 'डीयू बीट'. खरगपूरला 'आवाज' हे हिंदीतूनही निघते, हा त्यातला लक्षात ठेवण्यासारखा अपवाद.

अशा वृत्तपत्रासाठी झाशी हे गाव मुद्दाम निवडून पाहण्यासारखे आहे. पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर अठराव्या शतकात मराठी घराणी इथे आली आणि राहिली. १८४२ मध्ये मनकर्णिका तांबे हिचे गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाले ते गणेश मंदिर आजही आहे. १८५८ च्या वेढ्यात शहरात अडकलेल्या विष्णुभट गोडसे यांनी पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. वरसईच्या या भिक्षुकाला बातमीदारीचे नावही ठाऊक नव्हते. तरी शहर पडल्यानंतरच्या लुटीचे त्याने दिवसांच्या क्रमाने केलेले वर्णन आज कोणत्याही नव्या बातमीदाराच्या हाती द्यावे असे आहे.

हिंदी छपाईच्या इतिहासातही झाशीला जागा आहे. महावीरप्रसाद द्विवेदी झाशीला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते. १९०३ च्या आरंभी 'सरस्वती' मासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले तेव्हा ते झाशीतच होते. अंक अलाहाबादच्या इंडियन प्रेसमध्ये छापला जाई आणि मजकुराची कापाकापी झाशीला होई. १९०४ मध्ये त्यांनी रेल्वेची नोकरी सोडली. द्विवेदींना मराठी चांगले येत होते. आलेल्या लेखांवर त्यांनी केलेल्या दुरुस्त्यांच्या हस्तप्रती काशीच्या नागरी प्रचारिणी सभेकडे गेल्या. वाक्यागणिक खाडाखोड झालेले ते कागद म्हणजे उपसंपादनाची कार्यशाळाच आहे. 'दैनिक जागरण' हे आज देशभर माहीत असलेले हिंदी दैनिक १९४२ मध्ये पूर्णचंद्र गुप्तांनी याच गावात सुरू केले आणि १९४७ मध्ये ते कानपूरला गेले. बुंदेलखंडातलाच आणखी एक मराठी माणूस म्हणजे माधवराव सप्रे. दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मलेल्या सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढले. एवढ्या लांबच्या गावातून मासिक काढण्याचा तो व्यवहार कॉलेजच्या अंकापेक्षा फारसा मोठा नव्हता: माणसे मोजकी, पैसा अपुरा, छापखाना दूर.

आज झाशीत १९७५ मध्ये स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ आहे, त्यात पत्रकारितेची स्वतंत्र संस्था आहे, शिवाय वैद्यकीय आणि कृषी शिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत. इथे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र काढायचे तर ते साहजिकच हिंदीत निघेल. पण झाशी हे लष्करी छावणीचे गाव असल्याने त्याच्या भरतीची गोष्ट मराठी वाचकाला देवळाली, खडकी, अहिल्यानगर किंवा कामठी या छावण्यांच्या गावांवरूनही ओळखता येईल. अशा गावातले विद्यार्थी चार ठिकाणांहून येतात. काही जुन्या शहरातले, काही नगरा भागातल्या रेल्वे वसाहतीतले, काही सदर बाजार आणि छावणीतले, आणि बरेच ललितपूर, दतिया, टिकमगढ इकडून येऊन वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले. छावणीतल्या मुलांची अडचण वेगळी. वडिलांची बदली दोन-तीन वर्षांनी होते. जिथे बाकी कॉलेजांत माणूस तीन वर्षे टिकतो तिथे इथे कधी कधी एका सत्रातच संपादक मंडळातली खुर्ची रिकामी होते. म्हणून छावणीच्या गावात भरती वर्षातून एकदा करून भागत नाही.

भरतीचा काळ म्हणजे नवे सत्र सुरू झाल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे. याच वेळी वाद्यवृंद, एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना, नाट्यमंडळ असे सगळेच नव्या मुलांच्या मागे असतात. सूचना फलकावर 'इच्छुकांनी नावे द्यावीत' एवढे लिहिल्याने ज्यांना लिहिण्याची आधीच हौस आहे तेवढेच येतात. त्यांत कवी बरेच असतात. वृत्तपत्राला कवी चालतात, पण त्याला त्याहून जास्त गरज असते ती हिशेब येणाऱ्याची, संगणकावर पान मांडता येणाऱ्याची, दारोदार फिरून जाहिरात मागायला न लाजणाऱ्याची आणि फोटो काढणाऱ्याची. सूचनेत ही कामे नावानिशी लिहिली तर वाणिज्य शाखेतली, विज्ञानाची, अभियांत्रिकीची मुले येतात. एरवी त्यांना हे काम आपले वाटतच नाही.

निवडीच्या वेळी गुणवत्तेच्या यादीइतकाच गावाचा नकाशाही समोर ठेवावा लागतो. पंधरा जण घेतले आणि पंधराही जण शहरात घरी राहणारे निघाले, तर वसतिगृहातले पाणी, खानावळीचे दर, शेवटच्या बसची वेळ यांपैकी कशाचीही बातमी अंकात येणार नाही. कोणी ती लपवणार नाही, कोणाच्या कानावरच पडणार नाही. मुलींच्या वसतिगृहातली किमान एक, छावणीतला एक, गावाहून रोज ये-जा करणारा एक अशी माणसे मंडळात लागतातच, मग त्यांचे पहिले लेखन कच्चे का असेना. लिहायला शिकवता येते. चित्रकूट भागातून २००२ मध्ये निघालेल्या 'खबर लहरिया'ने हे बुंदेलखंडातच दाखवून दिले. नव्याने लिहावाचायला शिकलेल्या, बहुतांश दलित आणि इतर वंचित समाजांतल्या ग्रामीण स्त्रियांनी बुंदेलीत काढलेले हे पत्र. २००९ मध्ये त्याला युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा किंग सेजाँग पुरस्कार मिळाला. तिथे निवड पदवीवर झाली असती तर ते पत्र निघालेच नसते.

चाचणी घ्यायचीच तर निबंधाची घेऊ नये. 'वृत्तपत्राचे समाजातील स्थान' या विषयावर चांगला निबंध लिहिणारा विद्यार्थी आणि बातमी आणणारा विद्यार्थी एकच असतो असे नाही. त्यापेक्षा दोन तासांची मुदत देऊन आवारातच पाठवावे. उपाहारगृहात आज किती चहा खपले, ग्रंथालयात संदर्भाचे दालन किती वाजता बंद होते आणि का, सायकल स्टँडवर काल काय झाले, अशी काहीतरी साधी माहिती दोन माणसांशी बोलून, त्यांची नावे आणि हुद्दे नीट लिहून आणायला सांगावे. परत आलेल्या कागदात भाषा कशी आहे ते नंतर पाहावे. आधी नावे बरोबर आहेत का, आकडा कोणी सांगितला ते लिहिले आहे का आणि वेळेत परत आला का, एवढे पाहिले की पुरते.

निवड झाल्यावर पहिली काही कामे लहान असतात आणि ती लहानच असावीत. व्याख्यानाचे वृत्त, स्पर्धांचे निकाल, परीक्षा अर्ज भरण्याच्या तारखा. नव्या उमेदवाराला याचा कंटाळा येतो. त्याला पहिल्याच अंकात कुलसचिवांना जाब विचारायचा असतो. पण तारीख आणि आडनाव चुकले की वाचकाचा विश्वास मोठ्या बातमीइतकाच या छोट्या बातमीवरूनही उडतो, आणि कॉलेजात वाचक व बातमीतला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच जिन्यावर भेटतात.

नव्या बातमीदाराची कच्ची प्रत कशी सुधारते हे एका नमुन्यावरून पाहता येईल. समजा, त्याने लिहून आणले: 'मुलींच्या वसतिगृहात पाण्याची भीषण टंचाई असून विद्यार्थिनींमध्ये संतापाची तीव्र लाट उसळली आहे. प्रशासन मात्र सुस्त आहे.' दोन वाक्यांत माहिती म्हणून एकच गोष्ट आहे आणि तीही अर्धवट. उपसंपादकाने यावर लाल पेनाने सुधारणा करू नये, प्रश्न लिहावेत. कोणते वसतिगृह? सगळ्या मजल्यांवर पाणी नाही की एखाद्या? नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो? टँकर येतो का? तक्रारवहीत नोंद आहे का, कोणत्या तारखेची? किती जणींशी बोललास? वॉर्डन काय म्हणाल्या? विचारलेच नसेल तर आज संध्याकाळी विचार. बातमीदार परत जातो आणि दुसरी प्रत आणतो: 'जुन्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर सकाळी सातनंतर नळाला पाणी येत नाही. खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा पंप सोमवारपासून बंद आहे. दुरुस्तीसाठी पत्र दिले असून माणूस अजून आलेला नाही, असे वॉर्डन म्हणाल्या.' लाट गेली, सुस्ती गेली, आणि आता ज्याला पंप दुरुस्त करायचा आहे त्याला पळायला जागा उरली नाही. हा फरक उमेदवाराच्या लक्षात एकदा आला की त्याची निम्मी उमेदवारी झाली.

यासाठी वरच्या वर्गातल्या कोणीतरी शेजारी बसून प्रत वाचायला हवी. घाईत संपादक सगळे स्वतःच पुन्हा लिहून टाकतो, अंक चांगला निघतो आणि नवा मुलगा काहीच शिकत नाही. द्विवेदींना ते परवडले, कारण ते संपादक म्हणून जवळजवळ दोन दशके राहणार होते. कॉलेजच्या संपादकाकडे आठ महिने असतात.

डेस्कवरचे काम वेगळ्या प्रकारचे. चार पानी अंक म्हणजे ए-थ्री आकाराचा एक कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध घडी घातलेला. त्यामुळे पाने चारच्या पटीतच वाढतात. दोन बातम्या जास्त आल्या म्हणून पाचवे पान काढता येत नाही. फोटो, मथळे आणि चौकट धरून एका पानावर पाचशे-सहाशे शब्द बसतात. म्हणजे अख्ख्या अंकात जेमतेम अडीच हजार शब्द. आठ बातमीदारांनी प्रत्येकी सातशे शब्द आणले तर निम्म्याहून अधिक मजकूर कापावा लागणार, हे गणित पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडले तर पुढची भांडणे कमी होतात. म्हणून बातमी वरून खाली महत्त्व कमी होत जाईल अशी लिहायची. ऐन वेळी शेवटचा परिच्छेद गेला तरी बातमी उभी राहते.

देवनागरीत अंक काढणाऱ्यांना फाँटचा त्रास जास्तीचा. उत्तर प्रदेशात अजूनही बरेच टंकलेखन कृतिदेवमध्ये होते, महाराष्ट्रात श्रीलिपी आणि तिच्या भावंडांमध्ये. मोबाइलवर लिहिलेले मात्र युनिकोडमध्ये येते. कृतिदेवमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टंकली जातात, म्हणजे 'कि' लिहिताना ऱ्हस्व इकार आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी क, मग इकार. रूपांतर करताना हा इकार आणि रफार जागचे हलतात आणि 'विद्यार्थी'सारखा शब्द ओळखू येणार नाही असा फुटतो. नजर सरावलेली नसेल तर ही चूक छापून येते, आणि ती बहुतेक वेळा मथळ्यातच सापडते, कारण मथळा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत बसवलेला असतो. एकच फाँट ठरवून सगळ्यांना तोच वापरायला लावणे हा एकमेव खरा उपाय. पान सोडण्याआधी एक छापील प्रत काढून, ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाने ती वाचायची, हा नियम मोडला की चुका वाढल्याच म्हणून समजावे.

छावणीच्या बातम्यांसाठी आणखी थोडी तयारी लागते. छावणीचा नागरी कारभार २००६ च्या छावणी कायद्याखाली छावणी परिषदेकडे असतो. त्या ठिकाणचा लष्करी अधिकारी परिषदेचा अध्यक्ष, संरक्षण संपदा सेवेतला अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि नागरिकांनी निवडलेल्या सदस्यांतून उपाध्यक्ष, अशी तिची रचना. पाणी, सफाई, दिवाबत्ती, दवाखाना, शाळा हे विषय तिचेच. म्हणजे सदर बाजारातला रस्ता खोदून ठेवला असेल तर महापालिकेत जाऊन उपयोग नाही. अलीकडे छावण्यांतला नागरी भाग जवळच्या नगरपालिकांकडे देण्याचे केंद्राचे धोरण आहे. हिमाचल प्रदेशातली योल ही छावणी त्यानुसार २०२३ मध्ये रद्द झाली. घरपट्टी कोणाला भरायची, शाळा कोणाच्या ताब्यात जाणार, असले प्रश्न यातून निघतात आणि छावणीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते घरबसल्या कळतात.

याच विद्यार्थ्याला एक मर्यादाही पाळावी लागते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा प्रतिबंधित जागांची छायाचित्रे आणि नकाशे यांच्याबाबत कडक आहे. प्रवेशद्वारे, वाहनांचे ताफे, तुकड्यांची नावे, त्यांची ये-जा यांतले काहीही अंकात येऊ नये. घरात जेवताना वडिलांकडून कानावर आलेली गोष्ट ही बातमी नव्हे, हे अशा घरातल्या मुलाला सहसा सांगावे लागत नाही. ते त्याच्या उत्साही संपादकाला सांगावे लागते. दुसरीकडे, छावणी म्हणजे सगळेच गुप्त असाही समज करून घेऊ नये. परिषदेने कचरा उचलण्याचे कंत्राट कितीला दिले ही माहिती माहिती अधिकाराखाली मागता येते. २००५ च्या या कायद्यात केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. मासिक अंकाला ही मुदत जुळते. सत्राच्या आरंभी अर्ज टाकला तर दिवाळीच्या सुटीआधी बातमी हाती असते, आणि नव्या उमेदवाराला सरकारी पत्र वाचण्याची सवय होते ती वेगळीच.

पैसा दोन वाटांनी येतो, संस्थेचे अनुदान आणि जाहिराती. झेरॉक्सवाला, खानावळ, क्लास, पुस्तकांचे दुकान हे ठरलेले जाहिरातदार. जाहिरात आणणारा आणि बातमी लिहिणारा एकच माणूस असू नये, एवढे पथ्य लहान अंकातही पाळता येते. अनुदानाचा प्रश्न अधिक नाजूक. विष्णुशास्त्री चिपळूणकर ज्या 'शालापत्रक' मासिकाचे संपादन करीत ते शिक्षण खात्याचे होते; त्यातला मजकूर सरकारला रुचेना आणि १८७५ मध्ये ते बंद झाले. चिपळूणकरांनी त्याआधीच, १८७४ मध्ये, स्वतःची 'निबंधमाला' सुरू केली होती. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयात १९८८ मध्ये हेझलवूड येथील शाळेच्या खटल्याचा निकाल लागला, त्यात मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राची दोन पाने काढून टाकली होती. न्यायालयाने कौल शाळेच्या बाजूने दिला, कारण ते पत्र शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग होते. आपल्याकडे राज्यघटनेचे कलम १९ विद्यार्थ्यालाही अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते, पण प्रकाशक म्हणून संस्थेचे नाव असेल तर अंक छापायचा की नाही हे ठरवण्याची ताकद व्यवहारात संस्थेकडेच राहते. म्हणून सल्लागार प्राध्यापकांनी मजकूर कधी पाहायचा, कशासाठी पाहायचा आणि मतभेद झाला तर काय करायचे, हे वर्षाच्या आरंभी लेखी ठरवून घेणे उत्तम. अंक छापखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री ते ठरवायला गेले की नेहमी एकच बाजू जिंकते.

कायद्याची किमान ओळख प्रत्येक उमेदवाराला हवी. १८६७ पासून चालत आलेला मुद्रणालयांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. ठरावीक काळाने छापून निघणारे आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची टिप्पणी देणारे प्रकाशन नियतकालिक ठरते. निव्वळ शास्त्रीय, तांत्रिक किंवा शैक्षणिक स्वरूपाची पत्रिका त्यातून वगळली आहे. अनेक संस्थांच्या पत्रकांवर 'केवळ खासगी वितरणासाठी' अशी ओळ असते. त्या ओळीने बदनामीची जबाबदारी मात्र टळत नाही. बदनामी हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. कॉलेजच्या अंकात धोका असतो तो बहुधा मोठ्या गौप्यस्फोटात नाही, विनोदी सदरात. प्राध्यापकांची टोपणनावे, जोडप्यांच्या कुजबुजी, 'कोण हा ओळखा' असली कोडी. ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याला लिहिण्याआधी विचारले होते का, एवढा एक प्रश्न या सदराला लावला तर ते सदर बहुतेक रिकामे पडते.

डिसेंबर-जानेवारीपासून निरोपाची तयारी सुरू व्हावी लागते. तिसऱ्या वर्षाच्या संपादकाने दुसऱ्या वर्षातल्या एखाद्याला एक अंक पूर्ण स्वतःच्या जबाबदारीवर काढू द्यायचा आणि आपण शेजारच्या खुर्चीवर बसायचे. जाणाऱ्याने मागे ठेवायच्या गोष्टी कंटाळवाण्या असतात, पण त्यांच्याविना पुढच्या वर्षीचा पहिला अंक दोन महिने रखडतो. छापखान्याचा पत्ता आणि दर, जाहिरातदारांची यादी आणि कोणाकडून किती येणे आहे, ईमेलचा आणि संकेतस्थळाचा पासवर्ड, पानाचा मूळ साचा, फाँटची फाइल, लेखननियमांचा एक कागद, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचे त्याची नोंद. ज्याचे उत्तर अजून आलेले नाही अशा माहिती अधिकार अर्जाची पोचपावतीही त्यातच. प्रत्येक अंकाच्या दोन प्रती ग्रंथालयात जमा करून त्यांची नोंद करून घ्यावी आणि तिसरी स्वतःच्या कपाटात बांधून ठेवावी. छावणीत बदलीचा हुकूम आल्यावर सामान बांधायला फार दिवस मिळतीलच असे नाही. तिथल्या उमेदवाराला या सगळ्या नोंदींची वही पहिल्या महिन्यापासूनच लिहीत राहावी लागते.